बंद केलेला प्रश्न

गीझर दुरुस्त करणारे काका फावल्या वेळात एका संकेतस्थळावर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. उत्तर आवडलं की लोक गुण देत. गुण साठले, तसा काकांना इतरांचे प्रश्न बंद करायचा अधिकार मिळाला; बंद प्रश्नाला कुणालाच उत्तर देता येत नसे. त्याच दिवशी त्यांनी एका बाईचा प्रश्न ‘आधीच विचारलाय’ म्हणून बंद केला.

जेवताना मात्र त्यांचा घास हातातच राहिला. गॅसचा गीझर लावला की डोकं गरगरतं, असं तिनं लिहिलं होतं; म्हणजे तिच्या न्हाणीघरात विषारी वायू साठत होता. त्यांनी धावत जाऊन प्रश्न पुन्हा खुला केला आणि उत्तर लिहिलं, ‘गीझर लगेच बंद करा, खिडक्या उघडा.’

ती संकेतस्थळावर परत आलीच नाही.

“दुसरीकडे विचारलं असेल हो तिनं,” काकू म्हणाल्या.

“असेल.”

त्या उत्तराला लोक अजून गुण देतात. काका रोज तिचं नाव शोधून बघतात.