टाकीच्या तळाची माती

माझी धाकटी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची उंच पाटी. या भोकातली वायर उपसायची, त्या भोकात खुपसायची. आवाज खडीसाखरेसारखा गोड, पण मध्येच कोणी तोंड घातलेलं तिला घरीही चालायचं नाही. "लाइन चालू आहे," एवढंच म्हणायची, की आम्ही सगळे चिडीचूप.

तिच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. होती ती एक भलीमोठी काचेची टाकी. तळाला निळे खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि चार रंगीत मासे. जरा उसंत मिळाली की सगळ्या जणींच्या माना तिकडे वळायच्या. पुढे यंत्रं आली, ऑपरेटर नकोसे झाले. खोली रिकामी करताना खुर्च्या गेल्या, पंखे गेले, मासेही मैत्रिणींनी वाटून नेले. टाकीला मात्र कोणी हात लावेना. आत्या म्हणाली, "मी नेते."

आतोबा शहराची बस चालवायचे. डेपोकडे परतणाऱ्या त्यांच्या रिकाम्या बसमधूनच टाकी घरी आली. मागच्या सीटवर आत्या तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेली, आणि दर खड्ड्याला ओरडत होती, "अहो, सावकाश!" आतोबा नंतर सगळ्यांना सांगत, "अख्ख्या नोकरीत एवढा कटकट्या प्रवासी भेटला नाही!"

नोकरी सुटल्यावर आत्याला घर खायला उठलं होतं. बोटांना काम नाही, कानाला आवाज नाही. तिने ठरवलं, टाकीत आता खरी झाडं लावायची. हौसेने रोपं आणली आणि त्याच निळ्या खड्यांत खोचली. सकाळी उठून बघते तर सगळी पाण्यावर तरंगतायत. पुन्हा खोचली, पुन्हा वर. जी तग धरून राहिली त्यांची पानं पिवळी पडली.

"ताई, झाडाला पाय रोवायला जागा हवी आणि पोटाला काहीतरी हवं," माशांचा दुकानदार म्हणाला. "या खड्यांत दोन्ही नाही. खाली काय घालायचं ते आधी ठरवा, मग झाडं." त्याच्याकडे तयार दाणेदार मातीची पाकिटं होती, पण आत्याला ती पसंत पडली नाहीत. "पाकिटातली माती म्हणजे पाकिटातलं हसू," ती म्हणाली आणि स्वतःच शोधाला लागली.

दुकानदाराने तिला एक युक्ती सांगितली होती: खड्यांवर व्हिनेगर टाकायचं, फसफसलं तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करतो, झाडांना मानवत नाही. झालं! स्वयंपाकघराच्या ओट्यावर ताटल्या मांडल्या गेल्या. बांधकामावरची खडी, बागेतले गोटे, कुठून कुठून आणलेली वाळू. ती वाकून कान लावायची. "हे बोलतंय," म्हणायची, आणि खडी बाहेर जायची. जेवायला वाढताना आतोबा ताटली हुंगून घ्यायचे.

शेवटी एक जाडसर वाळू पास झाली. बादलीत घोळून घोळून, पाणी नितळ येईपर्यंत तिने ती धुतली. झाडं त्यात उभी राहिली, पण वाढेनात. "उभी आहेत, पण उपाशी आहेत," आत्या म्हणाली. आता उपाय एकच: खाली माती, वर वाळूचं पांघरूण.

आतोबांनी हे मनावर घेतलं. डेपोच्या कुंपणाजवळच्या झाडाखालची काळीभोर माती ते पिशवी भरून घेऊन आले. आत्याने ती चाळली, अंथरली, वर वाळू टाकली, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग. तिने बोट बुडवून नाकाशी नेलं.

"अहो, हे डिझेल आहे!"

"डेपोच तो. तिथे अत्तर सांडणार आहे का?"

तिला हसू आलं नाही. तिने सगळं उपसलं, टाकी पालथी घातली आणि दोन दिवस आतोबांशी कामापुरतंच बोलली. आतोबांनी मोठ्या प्रेमाने आणलेली माती होती ती. त्यांनाही लागलं असणार. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी तेच म्हणाले, "बादली घे. चल, तुझ्या माहेरी जाऊ."

माहेर कुठलं उरलंय? आजी-आजोबा गेल्यावर माझ्या वडिलांनी आणि आत्यांनी मिळून ते घर विकलं होतं. त्या जागी पत्र्याचं गोदाम उभं होतं. आत्या त्यानंतर तिकडे फिरकली नव्हती. गोदामामागचं छोटं तळं मात्र तसंच होतं. तिथे पोचल्यावर तिने काठावर चप्पल काढली. मग चिखलात उतरली. "इथे आमची पायरी होती," ती म्हणाली. "आई इथून हाक मारायची." आतोबा खुरप्याने माती काढत राहिले. परतताना मात्र त्यांना राहवलं नाही. "लोकांच्या बायका माहेराहून दागिने आणतात. माझी बादलीभर चिखल घेऊन आली!" या वेळी आत्या हसली, डोळे पुसत हसली.

ती माती तिने उन्हात वाळवली, चाळली, बोटाच्या पेराएवढा थर दिला, वर वाळू. पाणी आधी चहासारखं झालं, बदलत बदलत निवळलं. मातीत वायू साठून बुडबुडे यायचे, तेव्हा ती विणायच्या सुईने हळूच टोचून ते मोकळे करायची. झाडांनी मूळ धरलं. पानं अशी हिरवीगार झाली की दुकानदार मुद्दाम बघायला आला.

मग एके दिवशी कोपऱ्यात एक कोंब दिसला. तिने न लावलेला. "तण आहे, उपटा," दुकानदार म्हणाला. आत्याने उपटला नाही. तो वाढला, पाण्याबाहेर आला आणि त्याला बारीक पांढरी फुलं आली.

थोरली आत्या गुडघ्यांच्या दुखण्यामुळे फारशी कुठे जात नसे. त्या सुमारास ती राहायला आली. टाकीसमोर खुर्ची ओढून बसली आणि एकदम ओरडली, "अगं, पिपाणी!"

"कुठली पिपाणी?"

"विसरलीस? याच्या पोकळ देठात फुंकर घालून आपण घरामागच्या तळ्यात बुडबुडे काढायचो. दादाने तुझ्या तोंडावर पाणी उडवलं आणि तू आईला नाव सांगितलंस!" दादा म्हणजे माझे वडील. धाकटीने टाकीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. मग फोन उचलून वडिलांना म्हणाली, "असशील तसा ये." तिघं भावंडं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टाकीपुढे बसली. प्रत्येकाने एकेक देठ तोडला आणि नातवंडं असलेली ती माणसं वाटीतल्या पाण्यात बुडबुडे काढत बसली.

आता आत्याला खांद्यामुळे टाकीत हात घालता येत नाही. आतोबा बाही वर सारून आत हात घालतात आणि ती खुर्चीतून सांगते, "डावीकडे... अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे. ते वाळकं पान. हां. आता हळूच, मुळाला धक्का लावू नका."