आबांची खपली

आबांच्या, माझ्या वडिलांच्या, नडगीवरची जखम चार महिने भरेना. शेळ्यांना पाला तोडताना त्यांना बाभळीचा काटा लागला, त्यात शुगर. डॉक्टरांनी साफ सांगितलं, महिनाभरात भरली नाही तर पाय गुडघ्यापासून काढावा लागेल. मी सेलूला कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. सकाळी गावी बोरीत पट्टी, मग बस, मग तास, परत बस, परत पट्टी. आई गेलेली, बहिणी सासरी. जीव मेटाकुटीला आला होता, खोटं कशाला बोलू?

आणि जखम कशी भरते, वर्गात मी नेमकं हेच शिकवत होतो. केसाच्या मुळाशी काही पेशी असतात. त्यांच्यातला डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गच्च गुंडाळलेला; केसाच्या कामाचा तेवढाच भाग मोकळा. कातडी फाटली की ही गुंडाळी बदलते, बंद भाग उघडतो आणि त्या पेशी केसाचं काम सोडून जखमेवर कातडी धरायला धावतात. आबांच्या जखमेभोवती केस चांगले दाट होते. मग घोडं अडलं कुठं? पट्टी रोज संध्याकाळी रक्तानं ओली. मी शुगरलाच शिव्या द्यायचो.

एका रविवारी दुपारी गोठ्यात गेलो, तर आबा पट्टी सोडून बसलेले. मेंढरं कातरायच्या कातरीच्या टोकानं खपली उचकटत होते.

"आबा, काय करायलात हे!"

"खपलीखाली किडे ऱ्हातात. मेंढराची अशीच काढतो की आपण."

"तुमी मेंढरू हाव का? रोज काढता?"

"रोज."

आलेली कातडी हा माणूस रोज स्वतःच्या हातानं उपटत होता! मी कातर हिसकली. नको नको ते बोललो. पाय तोडूनच घ्या म्हणालो.

आबा खाली बघत म्हणाले, "तू फोनवर बहिणीला मनत व्हतास, आता माझ्याच्यानं व्हत न्हाई. मनलं, जखम साफ करून लवकर बरं व्हावं. तू लय दमायलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्यांनी जखमेला बोट लावलं नाही. कडेनं गुलाबी कातडी सरकू लागली. महिना भरला तसे दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, दाबून पाहिलं आणि म्हणाले, पाय वाचला.

आबांनी पायाकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "आता दोन दिस झोप जरा."

मी तिथंच बाकड्यावर बसून ओक्साबोक्शी रडलो.