कच्चे इलेक्ट्रोड

वहिनींचा राग आरडाओरड्याचा नव्हता; म्हणूनच कारखान्यात त्याचा धाक होता. निऑनच्या नळ्या वाकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या जेवून परतल्या तेव्हा धाकट्या दिराने न्हाव्याच्या पाटीची पेन्सिलीएवढी बारीक नळी वायू भरून बंदही केली होती.

"वायू भरण्याआधी नळी विजेनं तापवलीत, तेव्हा टोकांचे इलेक्ट्रोड लाल झाले होते का?"

"खुणेसाठी काचेवर ठेवलेला कागद करपला, वहिनी. मग वीज तोडली."

"ती खूण जाड नळीची, भाऊजी. बारीक नळीत काच आधी तापते, इलेक्ट्रोड कच्चेच राहतात. त्यांच्यातली घाण आता आत कोंडलीय. थोड्याच दिवसांत टोकं काळी पडतील."

"तेव्हाचं तेव्हा. गिऱ्हाईक दारात उभं आहे, अन् पाटी पेटतेय की."

"पेटतेय, म्हणूनच ही फसवणूक आहे."

वहिनींनी कानस उचलली आणि न्हाव्याच्या देखत नळीची दोन्ही टोके कापून काढली. दिराचा चेहरा उतरला.

"घरच्या माणसाची चारचौघांत एवढी शोभा करायची?"

"घरचे आहात म्हणून नळी डोक्यात घातली नाही. नवे इलेक्ट्रोड जोडा. ते लाल होईपर्यंत मी इथून हलणार नाही, अन् तुम्हीही नाही."