हरवलेले चार व्होल्ट

आई कधीच जीपमध्ये जाऊन बसली होती, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन. नांदेडला तिचं डायलिसिस होतं. नंबर हुकला की तिथं ताटकळत बसावं लागायचं, आणि बाळापुरातून निघायलाच आम्हाला उशीर झाला होता. भावाने चावी फिरवली. इंजिन कण्हल्यासारखं झालं आणि थांबलं.

"बॅटरी तर नवी हाय," तो म्हणाला. पुन्हा चावी, पुन्हा तेच.

तो फोन लावत अंगणात येरझाऱ्या घालू लागला. "कुणाचीच गाडी रिकामी न्हाई अक्का. समद्या लग्नाला गेल्या."

"काहून थांबलो गं?" आईने विचारलं.

मी कळमनुरीच्या कॉलेजात बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. त्याच आठवड्यात बंद परिपथाचा नियम चालू होता: बॅटरी जेवढे व्होल्ट देते, तेवढे सगळे फेरी पूर्ण होईपर्यंत वाटेत खर्च होतात, एकही उरत नाही, एकही कमी पडत नाही. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर माझ्या पर्समध्येच होता. भावाला म्हटलं, "गाडी न्यूट्रलला ठेव. मी सांगते तवाच चावी फिरव."

चावी फिरवली असताना बॅटरीच्या दोन टोकांत साडेअकरा व्होल्ट मिळाले. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला मात्र सातच. मधल्या जाड लाल वायरीत अर्धा व्होल्ट जात होता. म्हणजे चार व्होल्टचा हिशोब लागेना. मी लाल वायर परत तपासली, मग आणखी एकदा. तोच अर्धा.

"अजून किती येळ, अक्का?"

"थांब रे."

माझं लक्ष आईच्या सुजलेल्या पावलांकडे जात होतं आणि बेरीज मनात टिकत नव्हती. शेवटी ध्यानात आलं, मी फक्त जातानाची वाट मोजत होते. फळ्यावर परतीची रेघ मी पट्टीने सहज ओढते, तिच्याबद्दल कधी कुणी काही विचारत नाही. जीपमध्ये ती रेघ म्हणजे इंजिनचं लोखंड आणि तिथून बॅटरीच्या उणे टोकाकडे जाणारी पट्टी.

मीटरचं एक टोक इंजिनला लावलं, दुसरं बॅटरीच्या उणे टोकाला. "फिरव."

चार.

खाली वाकून पाहिलं तर पट्टीचा बोल्ट गंजून पोपडे धरलेला. तो खोलत बसायला वेळ नव्हता. भावाने शेजारून जम्पर केबल आणली, इंजिन आणि बॅटरीचं उणे टोक सरळ जोडलं, आणि केबल तशीच राहू दिली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. तो हसला. मला हसू आलं नाही, मी दार लावून घेतलं.

नांदेडला नंबर गेलेलाच होता. दुपारी आईला आत घेतलं. आत जाताना तिने विचारलं, "परतताना चालू व्हईल ना गाडी?"

"व्हईल."

ती आत गेली. मी बाकावर बसले, उठले, आणि केबल ढिली तर झाली नाही ना, हे बघायला खाली जीपकडे गेले.