बंद ट्रॅक्टर आणि चाचांचे कान

माझ्या मावसबहिणीचं सासर आणे गावच्या पठारावर. तिच्या घरामागे बाभळीखाली एक जुना ट्रॅक्टर कित्येक वर्षं बंद उभा होता. सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. मी म्हटलं, "हा मला विकत दे." ती हसली, तिचे मालक हसले. ट्रकमध्ये घालून, घाट उतरवून तो आमच्या दारात आणला, तेव्हा माझे मालक मात्र हसले नाहीत. ते नारायणगावच्या एका दुकानात कामाला जातात, शेती मी बघते.

"अगं, चालणारी वस्तू आणतात," एवढंच म्हणाले आणि गाडीला किक मारून कामावर गेले.

जुन्नरला ट्रॅक्टरचे एक म्हातारे मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"वाकायचं नाय, वजन उचलायचं नाय, डॉक्टरनं सांगितलंय," ते म्हणाले. "पण कान शाबूत हायेत. पाना तुमी धरा ताई, मी सांगतो."

मग ते सकाळच्या एसटीनं यायचे, काळा चष्मा लावून शेवग्याखाली खुर्चीत बसायचे आणि मी ट्रॅक्टरखाली शिरायची. इंजिन पार जाम झालेलं. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि थोडं ऑइल ओतलं, चार दिवस मुरू दिलं. मग गिअर टाकून मागचं मोठं चाक पुढे-मागे ढकलायचं. पहिल्या दिवशी चाक हललं नाही, माझेच पाय मातीत घसरले. तिसऱ्या दिवशी आत 'कट्ट' वाजलं. मला वाटलं, मोडलं! चाचा खुर्चीतून उठलेच.

"सुटलं, ताई! पिस्टन सुटलं!"

त्या दिवशी मी हात न धुताच चहा केला. चहाला डिझेलचा वास होता. चाचा दोन कप प्यायले.

टाकी साफ केली, तिच्यातून चिखलासारखा गाळ निघाला. फिल्टर बदलला, नवी बॅटरी बसवली, नोझल दुरुस्त करून आणले. चालू करायचा दिवस रविवार ठरला, म्हणजे मालकही घरी. शेजारपाजारचे जमले. मी डिझेलच्या पाइपातली हवा काढली आणि सीटवर चढून सेल्फ मारला. घर्र, घर्र, घर्र. एकदा, दोनदा, तीनदा. धुराचा पत्ता नाही.

चाचांनी मान कलती केली. "फिरतंय झकास, पण खात नाय. डिझेल अडतंय कुठंतरी."

माझी नजर समोर गेली. इंजिन बंद करायची दांडी बाहेर ओढलेली होती आणि तिच्यावर माझीच कापडी पिशवी लोंबत होती. मीच खुंटी समजून अडकवलेली.

"चाचा, ही दांडी..."

"आत ढकला हो!"

मालक पुढे आले. पिशवी खांद्याला लावली, दांडी आत दाबली. "आता मार."

धडधडलं! आधी पांढरा धूर, मग काळा. कोंबड्या कौलांवर गेल्या. मालक एवढे मोठ्यानं हसत होते की इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होतं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. "दोन नंबरचा सिलिंडर जरा रुसलाय. येईल लायनीवर."

संध्याकाळी त्यांना फाट्यावर सोडायला मी ट्रॅक्टरच घेतला. ते शेजारी चाकाच्या पत्र्यावर घट्ट धरून बसले, राजासारखे. जुन्नरची एसटी समोरून आली, थांबलीही. चाचांनी हातानंच तिला जा म्हणून सांगितलं.

"दुसरी येईल," ते मला म्हणाले. "वळवा, ताई. अजून एक चक्कर मारू."