फूटपट्टीच्या विरोधातली साक्ष

मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता आणि त्यावर फूटपट्टीचे सगळे गुन्हे लिहिलेले होते.

फूटपट्टी म्हणजे रेल्वेच्या पूल विभागातल्या इंजिनिअर बाई. समोर सगळे त्यांना मॅडम म्हणत, पाठ वळली की फूटपट्टी. बाई उंच, काटकुळ्या, ताठ आणि मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या. हे नाव मिस्त्रींनीच ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं, की एकदा भांडाराच्या कारकुनाने हातमोजे पाठवताना चिठ्ठीवर तेच लिहिलं. बाईंनी ते शांतपणे खोडलं, शेजारी आपलं पद लिहिलं आणि हातमोजे मोजून घेतले. दोन जोड कमी निघाले. कारकून पुढे महिनाभर तोंड चुकवत होता.

आज मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आले होते. वर्षातला उत्तम पूल-अभियंता आणि उत्तम गटप्रमुख असा एकच मोठा सन्मान असतो. त्यासाठी शेवटी दोन नावं उरली होती आणि त्यातलं एक बाईंचं होतं. गटातल्या सर्वांत जुन्या माणसाची, म्हणजे मिस्त्रींची, साक्ष एकट्यात घ्यायची आणि खाली त्याची सही घ्यायची, असा नियम होता. सही नसेल तर नाव बाद.

मिस्त्रींना सगळा हिशेब पाठ होता. सन्मान मिळाला तर बाईंची ठरलेली बदली रद्द होणार, नदीवरच्या नव्या पुलाचं कामही त्यांच्याकडेच येणार, म्हणजे आपण निवृत्त होईपर्यंत हीच बाई डोक्यावर. नाही मिळाला तर पुढच्या महिन्यात त्या जाणार. मग नवा साहेब येईल आणि हातोडी परत मिस्त्रींच्या हातात येईल.

दुखणं सगळं त्या हातोडीचंच होतं. एकतीस वर्षं मिस्त्री पुलाचं लोखंड सांधणारे रिव्हेट हातोडी मारून तपासत आले होते. घट्ट रिव्हेट खणखणीत बोलतो, ढिला असला की बद्द आवाज येतो. मिस्त्री ऐकायचे आणि पुढे सरकायचे. त्यांचा कान म्हणजे विभागाची शान. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लांब पुलाचा तिसरा गाळा असाच तपासून पास केला. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः वर चढल्या. रिव्हेटच्या एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची, म्हणजे तो हलला तर बोटाला कळतं. एकोणीस रिव्हेट हलले. बाईंनी सगळ्यांच्या देखत हात पुढे केला.

"मिस्त्री, हातोडी द्या."

"का?"

"तुम्हाला ऐकू येत नाही. गेलं वर्षभर तरी येत नसावं."

एवढंच. ना आडपडदा, ना बाजूला घेऊन सांगणं. पुलावर बारा माणसं उभी होती. शिवाय अहवालात हे सगळं लिहून बाईंनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. घरी बायको म्हणाली, "अहो, मी तीन वर्षं हेच सांगतेय. पण तुम्हाला ऐकू कुठे येत होतं!" डॉक्टरने दिलेलं कानाचं यंत्र मिस्त्रींनी कपाटात नेऊन टाकलं, ते आजतागायत तिथेच होतं.

आज सकाळी गटातल्या फिटरने त्यांना फाटकापाशीच गाठलं. फिटरचा बाईंवरचा राग वेगळा होता. कमरेचा पट्टा न बांधता चढला म्हणून त्यांनी त्याला आठ दिवस घरी बसवलं होतं.

"मिस्त्री, आज सोडू नका हं तिला."

"सोडतोय कसला. यादी केलीय यादी."

नकाशे ठेवायच्या खोलीत अधिकारी बसले होते. मऊ आवाजाचा, सभ्य माणूस.

"बसा. तुमच्या मॅडमबद्दल काय सांगाल?"

"काय?"

"मॅडमबद्दल!"

"जरा मोठ्याने बोला, साहेब."

आणि मग ती एकट्यातली साक्ष सबंध इमारतीने ऐकली. अधिकारी ओरडून विचारत होते आणि ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही असा माणूस त्याहून मोठ्याने उत्तरं देत होता. बाहेरच्या बाकावर गट बसला होता. त्यांच्या पलीकडे, खिडकीपाशी, बाई एका नकाशावर पेन्सिलीने खुणा करत होत्या.

मिस्त्रींनी कागद उलगडला.

"रोज सकाळी आम्हाला रुळाच्या कडेला उभं करते. गाडी कुठून येणार, तू पळणार कुठे, प्रत्येकाकडून वदवून घेते. मी एकतीस वर्षांच्या नोकरीचा माणूस! मलासुद्धा! पहिलीतल्या पोरासारखं!"

"रोज?"

"एक दिवस खाडा नाही. मोठे साहेब येणार होते तेव्हा आम्ही अख्खा पूल रंगवला. आरशासारखा! हिने सगळ्या सांध्यांवरचा रंग खरवडून काढायला लावला. म्हणे, रंगाखाली भेग दिसत नाही. साहेब आले तेव्हा पूल खरूज झालेल्या कुत्र्यासारखा दिसत होता. उत्तम देखभालीची आमची ढाल गेली, साहेब. सहा वर्षं आमच्याकडे असलेली ढाल!"

"भेग होती?"

मिस्त्रींनी कागदाकडे पाहिलं. तिथे हे लिहिलेलं नव्हतं.

"होती एक. बोटभर."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. हातोडीची गोष्ट मिस्त्रींनी आणखीच मोठ्याने सांगितली. "सगळ्यांसमोर बोलली! माझी लायकी काढली! आणि त्यापायी नऊ दिवस गाड्या माणसाच्या चालीने चालवल्या. लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या. स्टेशन मास्तर तर माझ्या अंगावर धावून आला."

"त्यांच्या काळात गटातलं कोणी जखमी झालं?"

"नाही."

"आणि त्यांच्या आधी?"

मिस्त्रींनी यादीची घडी घातली. "दोघं," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज बाहेर गेला नाही.

अधिकाऱ्यांनी आपण लिहिलेला कागद वळवून पुढे सरकवला. मिस्त्रींनी चष्मा लावला. सगळे शब्द त्यांचेच होते, एकही बदललेला नव्हता. तरी वाचताना वाटत होतं, कोणीतरी बाईंची आरतीच लिहिलीय.

"मी तक्रार सांगितली, साहेब. तुम्ही तर कौतुक लिहिलंत."

"मी काहीच घातलं नाही पदरचं. खोटं काही असेल तर खोडा."

मिस्त्रींनी पेन उचललं आणि तसंच धरून बसले. खोडण्यासारखं काही सापडेना आणि सही करायला हात होईना. नुसतं उठून गेलं तरी काम होणार होतं. सही नाही की नाव नाही. ते खुर्ची मागे सारणार तोच दार वाजलं. बाई दारात होत्या, मिस्त्रींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत.

"माफ करा. बाहेर सगळं ऐकू येतंय, त्यामुळे सांगणं भाग आहे. गाड्या नऊ नाही, अकरा दिवस हळू चालल्या. तेवढं दुरुस्त करून घ्या."

अधिकारी चमकले. "मॅडम, हे तुमच्याच विरोधात जाईल."

"असेल. पण अकरा आहेत. आणि मिस्त्री, तुम्हाला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, हे खरं आहे. तेही त्यात राहू द्या."

आणि दार लावून गेल्यासुद्धा. ना माफी, ना गोड शब्द. मिस्त्रींच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी नऊ खोडून अकरा केले, कागद फाटेल इतक्या जोराने सही केली आणि वर एक ओळ लिहिली : 'मला या बाई आवडत नाहीत.'

"हे ठेवायचं?" अधिकाऱ्यांनी ओरडून विचारलं.

"ठेवायचं म्हणजे? तेच तर सांगायला आलो होतो!"

बाहेर बाकावरून कोणी उठलं नाही. फिटरने विचारलं, "केलीत सही?"

"केली."

"वा! आम्हाला बुडवलंत तुम्ही. म्हातारचळ लागलाय तुम्हाला."

"हे बघ, ती बाई स्वतःविरुद्धचा आकडा वाढवून घ्यायला आत आली. असल्या माणसाबद्दल खोटं कसं बोलायचं, तू सांग. सांगितलंस तर मी परत आत जातो."

 फिटर उठला आणि चहाला निघून गेला. बाकीचेही त्याच्या मागोमाग गेले. मिस्त्रींना कोणी चल म्हटलं नाही.

महिन्याने सन्मानाचं पत्र आलं. समारंभाला गटातल्या सगळ्यांना सहकुटुंब बोलावणं होतं. मिस्त्रींनी घरी जाहीर केलं, "मी जाणार नाही."

"नका जाऊ," बायको कपाटातली चांगली साडी बाहेर काढत म्हणाली. "मी जाणार आहे. तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे धाडणं मला तीन वर्षांत जमलं नाही, ते त्या बाईने एका सकाळी केलं. कशी दिसते ते बघू तरी द्या."

"उंच आहे," मिस्त्री म्हणाले. "आणि ताठ. लगेच ओळखशील."