शिंकलं कोण?

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींना मी हसणारी बाई आहे. मांजर आडवं गेलं तर मी त्यालाच "हो बाजूला" म्हणते. तरी हे लिहितेय, कारण हे घडलं तेव्हा मी स्वतः तिथं बसले होते...

वडनेर भोलजीचं आमचं घर, भर दुपार. माझी थोरली सातव्या महिन्यातच झाली — एवढीशी, कापसात गुंडाळलेली, रडायचंही त्राण नाही. अंगावर ओढायची ताकद नव्हती, म्हणून माझंच दूध काढून बोंडल्यानं पाजायचं. नांदुऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "आईचं दूध उत्तमच, पण इतक्या लहान जिवाला ते एकटं पुरत नाही. त्यात चिमूटभर दुधाची पावडर मिसळा." पहिली पुडी त्यांनीच दिली आणि पोरगी अंग धरू लागली! पुडी संपली तसे आमचे हे मलकापूरला जाऊन डबा घेऊन आले.

डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र. उघडला तर गुलाबाचा घमघमाट! म्हटलं, शहरातली वस्तू, वास तर येणारच. चिमूटभर दुधात टाकली, बोंडलं पोरीच्या ओठाला लावणार — तोच शिंक! चांगली दणदणीत, बाप्या माणसाची असते तशी.

"थांब वं बाई," सासूबाई म्हणाल्या. "शिंक झाली. जराशी बस."

"आत्याबाई, पोरगी भुकेली हाय ना!"

"शिंकेवर कोणी पाजते का? बस म्हनलं ना!"

बसले — चरफडत. बसल्या बसल्या बोंडल्याकडे लक्ष गेलं. पावडर विरघळलीच नव्हती, सगळी वर तरंगत होती! डॉक्टरांची तर लगेच विरघळायची. डबा फिरवून इंग्रजी अक्षरं जुळवली... अंगाला लावायची पावडर! ते पोटात गेलं असतं तर पोरगी हातची गेली असती.

"म्या तं लेकराची पावडर द्या म्हनलं होतं," हे रडकुंडीला आले.

"काऊन रे, दुधात टाकाची हाय हे सांगाले जीभ झडली होती का?" सासूबाई कडाडल्या, आणि मग आम्ही तिघंही रडता रडता हसत सुटलो. ते दूध फेकलं, नवं काढून नुसतंच पाजलं, आणि हे तडक डॉक्टरांकडे पळाले.

संध्याकाळी प्रश्न निघाला — शिंकलं कोण? मी नाही. हे नाही. सासूबाई तर बिलकुल नाही. तिघांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. त्या एवढ्याशा टाळूवर हात ठेवून खोटं कोण बोलेल? शेजारीपाजारी सगळे शेतात गेलेले. बकरी शिंकली म्हणावं, तर तीही चरायला!

आता लेक शाळेत जाते, भांडते, दाबून भाकरी खाते. ही गोष्ट निघाली की छाती काढून म्हणते, "मीच शिंकली होती!" आजी लगेच, "हाव वं माय, तूच." अगं, तुला तेव्हा श्वास घेतानाही दम लागायचा...

उलगडा मला आजही नाही. कोणी शिंकलं की 'शतायुषी हो' म्हणायची आपली रीत. तेही मी त्या शिंकेला कितीदा मनातल्या मनात म्हटलंय. पण ज्याला म्हणते तो जिवंत तरी होता का, कोण जाणे!